भज्यांची प्लेट आणि चीनचं दूध

काल कट्ट्यावर भजी आली ती त्याच पांढऱ्या, कडा उडालेल्या प्लेटमधनं, आणि सच्या एक भजं उचलत म्हणाला, ही प्लेट ज्याची करतात ना, तेच चीनवाल्यांनी लहान पोरांच्या दुधात घातलं होतं. झालं, पेटलं.

दाजी म्हणाले, "काय पण फेकतोस लेका, प्लेट कुणी पितं का?" तर प्लेट नव्हे, मेलामाईन, त्याची पांढरी पावडर. 2008 ची गोष्ट, बीजिंग ऑलिंपिक झालं तेच वर्ष. सानलू नावाची मोठी कंपनी, तिची बाळांची दूध पावडर, आणि नंतर बाकी कंपन्यांच्या मालातपण सापडलं. जवळजवळ 3 लाख बाळं आजारी, 6 गेली.

"पण घालायचं कशाला?" ह्याचं उत्तर बाळ्याकडं होतं, तो दूध संकलनावर बसतो. दुधात पाणी मारलं की प्रोटीन घसरतं, आणि तिकडं प्रोटीन बघायचं म्हणजे नायट्रोजन मोजायचा आणि त्यावरनं हिशोब करायचा. मेलामाईनमध्ये नायट्रोजन वजनाच्या 66 टक्के, म्हणजे थोडं टाकलं तरी रिपोर्ट झकास. "आपल्याकडं डिग्री, म्हणजे दुधाच्या घट्टपणाचा आकडा, लागंना झाली की युरिया नायतर साखर मारतात की, सेम खेळ," बाळ्या म्हणाला, आणि वर "मी नाय हां मारत" हेपण.

मग किडनीचं काय, तर मेलामाईन आणि लघवीतलं युरिक ॲसिड चिकटून खडे होतात, तान्ह्या बाळात हे ॲसिड जास्तच जातं, त्यात ते दिवसभर दुसरं काही पीतच नाही. आपण चहात चमचाभर घेतो, त्याला सहा बाटल्या. मुतखडा म्हणलं की आपल्याला दाजी आठवतात (दोनदा काढलाय), हितं सहा महिन्यांचं पोर, लघवी अडकलेली, आणि बोलता येत नाही म्हणून नुसतं रडतंय.

दाजींचं म्हणणं भेसळ करणाऱ्याला फाशीच पाहिजे. सच्या म्हणाला, दिली की, 2009 मध्ये दोघांना मृत्युदंड झाला, एक ती पावडर बनवणारा आणि एक दूध विकणारा, कंपनीच्या प्रमुख बाईला जन्मठेप. पण कंपनीकडं तक्रारी 2007 च्या डिसेंबरपासनं येत होत्या आणि माल परत घेतला सप्टेंबरात! मी ह्यात सच्याकडनं. दूधवाल्याला पोर दिसत नव्हतं, कंपनीला तक्रारी दिसत होत्या.

"आपण चीनचं दूध तेव्हाच बंद केलंय," दाजी हात झटकत म्हणाले.

"ते केलं," सच्या बाळ्याकडं वळला, "तुझ्या केंद्रावर युरिया बघतात का रे?"

"टँकरला बघतात, डेअरीवर गेल्यावर."

"आणि कॅनला?"

बाळ्या भजी खात होता.