बोंब मारली ती भलत्याच गाण्यावर

ताईच्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. आता आमच्याकडेही हळदीच्या आदल्या रात्री ‘संगीत’ लागतं, त्यामुळे गेल्या रविवारी कराडला ताईच्या हॉलमध्ये सोफे भिंतीला सरकवून तालीम चालली होती. दाजी, त्यांचे दोन चुलतभाऊ आणि एक साडू अशी चौकडी. तिघांचे गुडघे गेलेले, चौथ्याला स्टेंट. गाणं ठरलेलं, ‘तेरा पीछा ना मैं छोडूंगा सोणिए, भेज दे चाहे जेल में’. आई खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. मी पोह्यांची बशी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझा पाय ठेका धरत होता. किशोरकुमार लागला की माझं असंच होतं, त्याला इलाज नाही.

भाचीने लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. “मावशी, हा माणूस गुन्हा कबूल करतोय. शिक्षेसकट.”

सगळे हसले. दाजी म्हणाले, “अगं, आमच्या वेळी याला प्रेम म्हणायचे.” परत गाणं सुरू. दाजी रुमाल उडवत चुलतभावाच्या मागे, तो लाजत पुढे.

मला मात्र रात्री झोप लागेना. मोबाइलवर बघितलं. ‘जुगनू’ १९७३ चा. बाईचा पाठलाग करणं हा स्वतंत्र गुन्हा झाला २०१३ मध्ये, दिल्लीच्या त्या डिसेंबरनंतर, म्हणजे निर्भया प्रकरणानंतर. भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-ड, आता नव्या न्याय संहितेत ७८. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलंत तर पाच. म्हणजे आनंद बक्षींनी ‘खेल में’, ‘मेल में’ यांच्या जोडीला ‘जेल में’ बसवलं तेव्हा तो यमकाचा शब्द होता. यमक खरं व्हायला चाळीस वर्षं गेली.

आता गंमत बघा. याच आनंद बक्षींनी बरोबर वीस वर्षांनी, १९९३ साली, दुसरं एक ‘पीछे’वालं गाणं लिहिलं. ‘चोली के पीछे क्या है’. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आठवतं ना काय गदारोळ झाला होता? पेपरांत पत्रं, चर्चा, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आमच्या घरी ते गाणं लागलं की वडील उठून टीव्हीचा आवाज बंद करायचे आणि मग आम्ही सगळे मूकपणे माधुरी बघायचो. आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाने रीतसर बैठक घेऊन ठराव केला की हे गाणं मांडवात वाजणार नाही. संस्कृतीचा प्रश्न होता. त्याऐवजी दहा दिवस वाजलं ‘जुम्मा चुम्मा दे दे’, ज्यात नायक शेकडो पुरुषांच्या गर्दीसमोर एका बाईकडे चुंबनाची वसुली मागतो. उधारी थकवल्यासारखी. त्याला कुणाचा आक्षेप नव्हता. अमिताभ होता ना.

‘चोली के पीछे’ नीट ऐका कधीतरी. प्रश्न विचारणारी बाई, उत्तर देणारी बाई. इला अरुण आणि अलका याज्ञिक. उत्तर काय? ‘चोली में दिल है मेरा’, आणि हे काळीज मी माझ्या यारला देईन. कुणाला द्यायचं ते ती ठरवणार. संबंध गदारोळात हे कुणी वाचलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे ‘चोली’ या शब्दावर चिकटले होते. ती प्रश्नाची पहिली ओळ वात्रट आहे हे मला मान्य आहे, कॅमेराही काही सोवळ्यातला नव्हता. पण वात्रटपणा वेगळा आणि बाईला माणूस न समजणं वेगळं. आपण या दोघांची इतकी गल्लत केली की पहिल्यावर बोंब मारली आणि दुसरं पोरांना तोंडपाठ करून दिलं. अंताक्षरीत. सहलीच्या एसटीत. गॅदरिंगमध्ये, मुख्याध्यापकांसमोर.

मला हे इतकं का लागतं, ते सांगते.

१९९० साली मी अकरावीत गेले. उंची पाच फूट सात इंच, वजन काही नाहीच. त्याच वर्षी ‘दिल’ आला आणि त्यात ‘खंबे जैसी खडी है, लडकी है या छडी है’. आमिर खानने माधुरीसाठी म्हटलेलं ते गाणं आमच्या एसटी स्टँडवर माझ्या नावाने बुक झालं. स्टँडपासून कॉलेजपर्यंत वीस मिनिटांची चाल. एक मुलगा रोज सायकलवर मागे. मी भरभर चालले की तो भरभर, मी थांबले की तो एक पाय टेकवून थांबायचा आणि ‘खंबे जैसी’ची शिट्टी घालायचा. हात कधी लावला नाही. वाईट बोललाही नाही. त्यामुळे घरी सांगायचं काय, हाच प्रश्न होता. “आई, एक मुलगा गाणं म्हणतो”?

एक दिवस मी वळले आणि जीव एकवटून ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. त्याचं आठवतं. तो हसला, मागच्या पोरांकडे बघून डोळा मारला आणि सुरू झाला, ‘कोई हसीना जब रूठ जाती है तो, और भी हसीन हो जाती है’.

‘शोले’त हे गाणं किती गोड आहे! टांग्यात रुसलेली बसंती, तिला मनवणारा वीरू. बसंतीचं ठीक आहे, तिला तो आवडतो हे तिला, आपल्याला आणि धन्नोलाही ठाऊक आहे. पण तेच गाणं घेऊन तो सायकलवाला माझ्यापुढे उभा राहिला तेव्हा माझ्या हातात काय उरलं? गप्प बसले तर पोरीला आवडतंय. चिडले तर आणखी सुंदर दिसते. माझ्या रागाचा त्याला राग म्हणून अर्थच लागत नव्हता, कारण रागाचं भाषांतर त्याला पंधरा वर्षं आधीच कुणीतरी करून दिलं होतं, आणि चाल आर. डी. बर्मनची होती.

शेवटी आईला सांगितलं. आई म्हणाली, “पायाकडं बघून चालावं.” वडिलांनी दुसऱ्या दिवसापासून मला तासभर आधीच्या गाडीने पाठवायला सुरुवात केली. दोन वर्षं मी पहाटे पाचला उठले. तो साडेसातला उठत असावा.

तो मुलगा राक्षस नव्हता हो. आज आमच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहे, रोज सकाळी सुविचार टाकतो, महिला दिनाला गुलाबाचं चित्र. स्वतःच्या मुलीला कॉलेजला सोडायला जातो म्हणे, गाडीने.

यावर लगेच येणारं उत्तर मला पाठ आहे. “तो काळच तसा होता.” असेल. पण १९५८ साली ‘साधना’मध्ये लताबाई गायल्या आहेत, ‘औरत ने जनम दिया मर्दों को, मर्दों ने उसे बाजार दिया’. शब्द साहिरचे, संगीत आपल्या गोव्याच्या दत्ता नाईकांचं, म्हणजे एन. दत्तांचं. आणि १९६५ हे एकच साल घ्या. एकीकडे ‘खानदान’ येतो आणि त्यात नवऱ्याला उद्देशून ‘तुम्हीं मेरे मंदिर, तुम्हीं मेरी पूजा, तुम्हीं देवता हो’. त्याच वर्षीच्या ‘गाइड’मध्ये रोझी नवऱ्याचं बंधन झुगारून, पायात पुन्हा चाळ बांधून उघड्या गाडीत बसते आणि शैलेंद्र तिला शब्द देतो, ‘आज फिर जीने की तमन्ना है’. दोन्ही गाण्यांत लताचाच आवाज. काळ एकच, गळा एकच. हळदीकुंकवाला कुठलं म्हणायचं, शाळेच्या स्पर्धेत कुठलं बसवायचं, हे आपण निवडत गेलो. ‘मंदिर’ला फिल्मफेअरही मिळालं. मग १९८६ मध्ये ‘भला है बुरा है जैसा भी है, मेरा पती मेरा देवता है’ आलं, तेव्हा आमच्या शेजारच्या काकू, ज्यांचा देवता रोज रात्री पिऊन यायचा, डोळे पुसत ते ऐकायच्या. त्यांना काय मिळत होतं त्यातून, मला अजून नीट कळलेलं नाही. कदाचित निदान कुणीतरी ‘बुरा है’ एवढं तरी म्हटलं, याचंच समाधान असेल.

मध्येच एक आठवलं. ‘आती क्या खंडाला’ आलं तेव्हा टपोरी भाषेवरून कितीजणांनी नाकं मुरडली होती! पण तो टपोरी निदान विचारतो. ती उलट विचारते, येऊन काय करू? तो बापडा कारणं देत बसतो, फिरू, नाचू, गाऊ. आमच्या पिढीच्या पाठांतरातलं सगळ्यात सभ्य गाणं मवाल्याच्या तोंडी निघावं ना!

आता मराठीकडे येते, कारण “हे सगळं हिंदीतलं, आपल्याकडे असं नव्हतं” म्हणणारे कमेंटमध्ये येणारच.

लावणीला आपण कायम वेशीबाहेर ठेवलं. माझ्या आजोळी सुलोचना चव्हाणांची रेकॉर्ड लागली की आजोबा खाकरायचे. खुद्द सुलोचनाबाई दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, माईकसमोर ताठ उभ्या राहून गायच्या. सगळा ठसका गळ्यात, अंगावर काही नाही. त्यांचं ‘फड सांभाळ तुऱ्याला गं आला’ घ्या. ‘मल्हारी मार्तंड’, १९६५, शब्द गदिमांचे. काळी जमीन, नामांकित बियाणं, जोमानं वाढलेला ऊस, पेरापेरांत भरलेली साखर. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला ती उपमा कशी झोंबते ते मी सांगायला नको. अप्रतिम आहे. शंभर वेळा ऐकलंय, शंभर वेळा ऐकेन.

आणि तरी बघा, सगळा उपदेश कुणाला? फडाच्या मालकिणीला. तू सांभाळ, तुझ्या उसाला कोल्हा लागेल. कोल्ह्याला कुणी एक शब्द बोलत नाही. कोल्हा काय, कोल्ह्यासारखा वागणार. माझ्या आईचं “पायाकडं बघून चालावं” हे त्याच लावणीचं गद्य होतं. फरक इतकाच की लावणीला आम्ही अश्लील म्हणायचो आणि आईच्या वाक्याला वळण.

पण माझ्या मते आपल्याकडचं सगळ्यात बोचरं गाणं लावणीत नाहीच. ते देवघराइतकं सोवळं आहे. पी. सावळाराम, वसंत प्रभू आणि लता. ‘गंगा यमुना डोळ्यांत उभ्या का’. माझ्या पाठवणीला बँडवाल्याने क्लॅरिनेटवर हेच वाजवलं होतं. आधी आई फुटली, मग मावश्या, मग मी, शेवटी आमचा ड्रायव्हर. ‘जा मुली जा, दिल्या घरी तू सुखी रहा.’

‘दिल्या घरी.’ ही ओळ गाण्यातून बाहेर पडून म्हण होऊन बसली आहे. बदली झालेल्या कारकुनालाही आपण गमतीने म्हणतो, दिल्या घरी सुखी रहा. पण ज्या मुलीला म्हणतो तिच्यापुरतं ते व्याकरण बघा. ती दिलेली आहे. घर ज्याला दिली त्याचं. आणि सुखी राहणं ही तिची जबाबदारी. तिकडे भांडी आदळली, हात उठला, तरी ती परत दारात उभी राहिली की माहेरच्यांच्या ओठांवर पहिली हीच ओळ येते, चालीशिवाय. मी एका बँकेत काउंटरवर बसते. अर्ज भरताना ‘कायमचा पत्ता’ या रकान्यावर थांबणाऱ्या बायका मी नेहमी बघते. चाळिशीच्या, पन्नाशीच्या. पेन थबकतं. “मॅडम, इथं माहेरचा टाकू का सासरचा?”

बहिणाबाईंनी हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने सांगितली होती, ‘लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते’. त्यात आई मुलीला निरोप देऊन मोकळी होत नाही. स्वतः तग धरून राहते, पोरीला परत यायला एक दार असावं म्हणून. ती ओळ कुठल्या बँडवाल्याने वाजवल्याचं मी ऐकलेलं नाही. चालीत बसवायला अवघड नसावी.

मला यातलं एकही गाणं बंद करायचं नाही. करूही शकणार नाही, माझ्या अर्ध्या आयुष्याला याच चाली आहेत. आमिर खानने ‘खंबे जैसी’बद्दल नंतर जाहीर चूक कबूल केली, बरं वाटलं ऐकून. पण त्याने माझ्या पहाटेच्या झोपेची भरपाई काही होत नाही. मला एवढंच हवंय की गाणं लागल्यावर कुणीतरी लॅपटॉपमधून डोकं वर काढावं.

तर तालमीनंतर रविवारी संध्याकाळी बँडवाल्यांचा मुलगा यादी घ्यायला आला. वरातीची गाणी झाली, मग म्हणाला, “पाठवणीला गंगा यमुनाच ना?” ताई हो म्हणाली. भाची म्हणाली, “थांब. दिल्या घरी म्हणजे कुणाच्या? वाकडचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, आणि निम्मा हप्ता गेलं वर्षभर मी भरतेय.”

ताईने माझ्याकडे बघितलं, मी दाजींकडे. बँडवाल्याचा पोरगा वहीवर पेन टेकवून उभा. “मग काय लिहू?”

आई खुर्चीतून म्हणाली, “लिही गंगा यमुना. तिला नको असेल तर तिनं कानात बोटं घालावीत. ते वाजल्याशिवाय मला रडू फुटायचं नाही.”

त्याने लिहिलं. भाचीने त्याच्या हातातून पेन घेऊन शेजारी कंसात लिहिलं, ‘शब्दांशिवाय’.

“ताई, आम्ही बँडवाले,” तो म्हणाला. “आमच्याकडं शब्द नसतातच.”