जॉन फ्लॅनागन आणि उपाशीपोटी जिंकण्याची खोटी गोष्ट

'दुष्काळातून पळालेल्या जॉन फ्लॅनागन या उपाशी आयरिश मुलाने न्यूयॉर्कमध्ये लोहाराचा घण फिरवून हातोडाफेक आत्मसात केली, आयर्लंडला तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवून दिली आणि तो तिथेच बेवारस मेला. खुराक नव्हे, जिद्द लागते,' असा संदेश सध्या फिरतो आहे. हातोडाफेकीचा सराव करणाऱ्या माझ्या भाचीच्या घरी तो पोहोचला आणि तिची अंडी व दूध बंद करण्याची भाषा सुरू झाली, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक मुद्दा उपासमारीचा. आयर्लंडचा महादुष्काळ 1845 मध्ये सुरू झाला आणि 1852 च्या सुमारास ओसरला. लिमरिक परगण्यात फ्लॅनागनचा जन्म झाला तो 1868 मध्ये. 1896 साली त्याने अमेरिका गाठली तेव्हा तो चांगला अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या हौशी अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या स्पर्धेत हातोडाफेकीचे विजेतेपद मिळवून बसला होता, त्यामुळे न्यूयॉर्कच्या घणाची कथाही तिथेच निकालात निघते. त्याचे वजन सुमारे 100 किलो होते. त्याच्यासारख्या न्यूयॉर्कमधल्या धिप्पाड फेकपटूंना लोक 'आयरिश देवमासे' म्हणत आणि त्यांच्या जेवणाचे किस्से वर्षानुवर्षे सांगितले गेले. तारेच्या टोकाला 7.26 किलोचा गोळा घेऊन खेळाडू गिरकी घेतो, तेव्हा तो गोळा स्वतःच्या वजनाच्या अनेक पट जोराने बाहेर ओढतो. ती ओढ मांड्यांनी आणि पाठीने पेलावी लागते. अर्धपोटी शरीराच्या आवाक्यातले हे काम नाही.

जिद्दीचे म्हणाल, तर तेवढे मान्य करतो. 1909 मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याने न्यू हेवन येथे 56.19 मीटरचा विश्वविक्रम केला. मात्र त्यामागे न्यूयॉर्क पोलिसांच्या परवाना विभागातली, सरावाला भरपूर वेळ देणारी नोकरीही होती.

पॅरिस, सेंट लुईस आणि लंडन इथली (1900, 1904, 1908) तिन्ही सुवर्णपदके अमेरिकेच्या खात्यावर आहेत. 1908 चा अधिकृत निकालच पाहावा: फ्लॅनागन 51.92 मीटर, मॅट मॅकग्रा 51.18, दोघेही अमेरिकेचे. तिसरा कॉन वॉल्श, कॅनडाचा. तिघेही जन्माने आयरिश, पण एकाचेही पदक आयर्लंडच्या नावावर नाही. स्वतंत्र आयर्लंडचे पहिले सुवर्ण 1928 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला पॅट ओ'कॅलॅहन याने याच प्रकारात जिंकले आणि त्याला तयार करणाऱ्यांत फ्लॅनागन होता.

बेवारस मृत्यूचे तर नावच नको. तो मायदेशी परतला, लिमरिकमधली घरची शेती त्याने सांभाळली आणि 1938 मध्ये तिथेच त्याचे निधन झाले.