फिट अमावस्या बघून येत नाही, मुलाची झोप बघून येते

सोलापुरातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लहान मुलांना फिट रात्रीच येते, तीही अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे. पहाटे तीन ते पाच ही वेळ वाईट, तेव्हा मुलाला झोपू देऊ नका. दिवसा येते ती फिट नसून उन्हाची चक्कर किंवा अभ्यासाची टाळाटाळ असते. आणि फिट आलीच तर कांदा हुंगवा. शेवटी नेहमीची पुस्ती, ‘डॉक्टरही हेच सांगतात’. मेडिकलच्या काउंटरवर फिटच्या औषधांच्या चिठ्ठ्या रोज हातात पडतात, म्हणून हा मेसेज नुसता डिलीट करून भागेना.

‘रात्रीच येते.’ यात अर्धं खरं आहे. रोलँडिक नावाचा अपस्मार (अपस्मार म्हणजे फिट पुन्हा पुन्हा येण्याचा आजार) साधारण ३ ते १४ वर्षांच्या मुलांत दिसतो. त्याची फिट बहुतेकदा डोळा लागल्यावर थोड्या वेळात किंवा उठायच्या आधी येते. तोंडाची एक बाजू उडते, लाळ गळते, मूल शुद्धीवर असूनही त्याला बोलता येत नाही. हा अपस्मार वयात येता येता बहुतेक मुलांचा आपोआप जातो. मेंदूच्या पुढच्या भागातून निघणाऱ्या फिटही झोपेतच जास्त येतात. याउलट कानशिलाजवळच्या आणि डोक्याच्या मागच्या भागातल्या फिट मुलांना जागेपणी जास्त येतात. बोस्टनच्या डॉक्टरांनी २२५ मुलांच्या हजारावर फिट व्हिडिओ-ईईजीवर (ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, सोबत मुलाचं चित्रण) पाहिल्या आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. अंग ताठ होणाऱ्या आणि ताठ होऊन झटके देणाऱ्या फिट झोपेत जास्त होत्या, इतर बऱ्याच प्रकारच्या जागेपणी.

म्हणजे प्रश्न रात्रीचा नाही, झोपेचा आहे. ज्याला झोपेत फिट येते त्याला दुपारी जेवून आडवं झाल्यावरही ती येऊ शकते. गाढ आणि मध्यम झोपेत मेंदूतल्या पेशी एका तालात काम करतात, त्यामुळे फिटला पसरायला वाट मिळते. स्वप्नांच्या झोपेत हा ताल मोडतो आणि फिट सर्वांत कमी येतात. गंमत म्हणजे स्वप्नांची झोप पहाटेकडेच वाढते, मेसेजवाल्याच्या त्या ‘वाईट’ वेळेत.

‘मुलाला जागं ठेवा.’ पूर्ण मेसेजमध्ये सगळ्यात घातक ओळ हीच. झोपमोड हे फिट येण्याचं अगदी ओळखीचं कारण आहे. किशोरवयात सुरू होणाऱ्या एका अपस्मारात तर सकाळी उठल्यावर हात झटकन उडतात, हातातला ब्रश किंवा चहाचा कप पडतो. घरचे म्हणतात धांदरट आहे. आदल्या रात्री जागरण झालं असेल तर हे झटके वाढतात, कधी त्यांतूनच मोठी फिट येते. आपल्याकडे जागरणाला निमित्तं भरपूर. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा, शोभेच्या दारूची रात्र. शिवाय काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी रात्री दोनला आलं की घागरी-बादल्यांच्या आवाजात अख्खं घर उठतं. मोठ्यांनी भरावं पाणी, पोराला उठवू नये.

‘डॉक्टरही सांगतात’ हे कुठून आलं असावं, याचा अंदाज मला आहे. ईईजीच्या आदल्या रात्री मुलाला उशिरापर्यंत जागं ठेवा, असं डॉक्टर खरोखरच सांगतात. कारण झोप कमी झाली की मेंदूतला बिघाड पट्टीवर उमटायची शक्यता वाढते, आणि तपासणीच्या वेळी मूल झोपतंही. तपासणीपुरता मुद्दाम घेतलेला हा ताण कुणीतरी उपाय म्हणून पुढे ढकलला.

‘अमावस्या-पौर्णिमा.’ दोन्ही तिथी आणि त्यांच्या मागचा-पुढचा एकेक दिवस धरला तर महिन्याच्या तीसपैकी सहा दिवस झाले. चंद्राचा काडीचा संबंध नसला तरी पाचातली एक फिट तिथे पडणारच. त्यात त्या रात्री आई उशाशी जागत बसते, म्हणून तिला फिट दिसते. इतर रात्री सगळेच झोपलेले असतात, तेव्हाची कोण मोजतं? आणि ‘बाहेरचं’ म्हणून मुलाला मारहाण करत भूत उतरवणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, एवढं मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना माहीत असलेलं बरं.

‘दिवसा येते ती फिट नाही.’ वर्गात मूल बोलता बोलता थांबतं, दहा-पंधरा सेकंद शून्यात बघतं, पुन्हा जिथल्या तिथे सुरू. दिवसातून असं कित्येकदा. बाई वहीत लिहितात, ‘लक्ष नसते.’ ही फिट जागेपणीचीच, आणि डॉक्टर मुलाला दोन-तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावून ती बऱ्याचदा समोरच पाहतात. तान्ह्या बाळांत झोपेतून उठल्याबरोबर अंग पुन्हा पुन्हा दुमडतं, ते पोटदुखी समजून घुटी देत बसू नये, त्याच दिवशी दाखवावं. आपल्या मे महिन्यात उन्हाने चक्कर येते हेही खरं. पण फरक मेसेजवरून ठरत नाही. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि वहीत लिहा: किती वाजता, झोपेत की जागेपणी, झोपेत असेल तर डोळा लागून किती वेळ झाला होता.

या नोंदीवर औषधाची वेळही ठरू शकते. एका अभ्यासात झोपेत किंवा पहाटे फिट येणाऱ्या १७ मुलांना डोसचा मोठा वाटा संध्याकाळी दिला, तर बहुतेकांच्या फिट कमी झाल्या. मात्र १७ म्हणजे मूठभर मुलं, आणि तो बदल डॉक्टरांनी केला होता. घरच्या घरी सकाळची गोळी रात्रीवर ढकलू नका.

‘कांदा हुंगवा.’ बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपणहून थांबतात. तेव्हा नाकाशी जे धरलेलं असेल, कांदा, चप्पल की किल्ल्या, त्याला श्रेय मिळतं. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटं उलटली की डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला स्प्रे मारा. स्प्रे नसेल किंवा फिट थांबत नसेल, तर १०८ ला फोन करा.