नव्वदच्या वर, एकशेवीसच्या खाली

अम्यूझमेंट पार्कच्या तिकीट खिडकीवर आमचे चिरंजीव मोठे निघाले आणि आत पहिल्याच झुल्यापाशी लहान. दोन्हीकडे तीच रंगवलेली पट्टी, वर तोच दात काढून हसणारा हत्ती. खिडकीपाशी ९० सेंमीच्या वर गेलात की तिकीट काढा. झुल्यापाशी १२० च्या खाली असाल तर बाजूला व्हा. आमचं कार्टं साडेचार वर्षांचं, १०६ सेंमी. या वयाची पोरं साधारण तेवढीच असतात. अशा पोरांसाठी पार्कात नेमकी सोय काय, तर तिकीट.

सुट्टी लागल्यापासून घरात दुसरा विषय नव्हता. बायकोने व्हिडिओ बघून बघून कागदावर क्रम लावला होता. आधी ड्रॅगन, मग होडी, ऊन चढायच्या आत पाण्याचे खेळ, कारण मे महिन्यात आमच्याकडे अकरानंतर चप्पल घालून अंगणात उभं राहणं हाच एक थरारक प्रकार असतो. जाहिरातीत आजीपासून नातवापर्यंत सगळे हात वर करून किंचाळताना दाखवले होते. म्हणून आईलाही घेतलं.

धुळ्याहून एस.टी.ने निघालो तेव्हा तर मी खुशीत होतो. पाचाच्या आतलं पोरगं फुकट. २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत, त्यामुळे आई फुकट. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणून बायको निम्म्यात. चौघांत पूर्ण तिकीट काढणारा इसम मी एकटा. त्याचं दुःख वेगळं, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. पण एस.टी. निदान वय विचारते. कंडक्टर पोराच्या तोंडाकडे बघतो, आईच्या तोंडाकडे बघतो आणि सोडून देतो. पट्टीला तोंड बघता येत नाही.

फाटकावर आमच्या दशम्या आणि ठेचा जप्त झाला. बाहेरचं खाणं चालत नाही. आत वडापावचा भाव ऐकल्यावर मी फाटकापर्यंत परत जाऊन दशम्यांची नुसती चौकशी करून आलो. बऱ्या होत्या म्हणे.

तर ड्रॅगन. रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर शिट्टी गळ्यात अडकवलेल्या पोरगेल्या गार्डने पट्टीला पाठ लावायला सांगितली आणि मान हलवली. कार्ट्याने टाचा उचलल्या. गार्डने टाचा खाली दाबल्या. कार्ट्याने भोकाड पसरलं. इथे आमच्या मागे उभे असलेले, शिंदखेड्याकडचे एक आबा मध्ये पडले. धोतर, पांढरी टोपी, हाताला नातू. नातू आमच्याच मापाचा.

"काय रे भाऊ," आबा अहिराणीत गार्डला म्हणाले, "खिडकीवर पोऱ्या मोठा व्हता, आठे लहान कसा व्हई गया? उनमा आटी गया का?"

"नियम आहे बाबा."

"कोणा नियम?"

"कंपनीचा."

"मंग खिडकी कोणी शे?"

गार्ड गप्प. आबा रांगेकडे वळले. त्यांना आता श्रोते मिळाले होते. "सारंगखेडाले घोडा लेतस, तवय बी काठी लावतस. पण तठे काठी एकच ऱ्हास! पैसा मोजानी एक नि बसानी दुसरी, असं कोठे ऱ्हास का?" सारंगखेड्याची यात्रा बघितलेले रांगेत बरेच असावेत, कारण हशा मोठा झाला. मग आबांनी शास्त्र काढलं. माणूस सकाळी लांब असतो, संध्याकाळी आखूड. तेव्हा पोरांना उद्या सकाळी मोजा आणि आज बसू द्या. हे अगदीच खोटं नाही. मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर दबतात, सेंटिमीटरभर फरक पडतो. आम्हाला चौदा हवे होते.

"ते जाऊ दे. माले मोज," म्हणत आबा स्वतःच पट्टीला टेकले. टोपीसकट मोजायचं की टोपी काढून, यावर गार्डशी वेगळा वाद झाला. टोपी काढणार नाही, हे आबांनी आधीच जाहीर केलं. टोपी धरून आणि टोपी सोडून, दोन्ही हिशोबांनी आबा एकशेवीसच्या खूप वर भरले. "बसू का आते?"

गार्डने घाम पुसत बाजूच्या पाटीकडे बोट दाखवलं. हृदयविकार, पाठदुखी, गरोदर स्त्रिया, ज्येष्ठ नागरिक, यांनी बसू नये.

आबा पाटी दोनदा वाचून शांतपणे म्हणाले, "म्हंजे तिकीट मी बी काढं, नातूनी बी काढं, आनि दोन्हीसनी नुसतं देखानं."

गार्डचा दोष नाही, हे मलाही कळतं. आडवा दांडा मांडीवर नीट बसला नाही तर पोरगं निसटेल, म्हणून उंची मोजतात. ड्रॅगनवर माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं खिडकीवर आहे. जो बसूच शकत नाही हे तुमच्याच पट्टीवर लिहिलंय, त्याच्याकडून पैसे कशाचे घेता? सावलीचे? सावलीही नव्हती. आईने ज्येष्ठांच्या तिकिटात दिवसभर एक सिमेंटचं बाकडं वापरलं, तेही तापलेलं. बायको पदराने तिला वारा घालत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

शेवटी छोट्यांच्या विभागात गेलो. तिथे एक चक्री, एक गोल फिरणारी आगगाडी आणि एक बंद पडलेला बेडूक. आगगाडीच्या फाटकावर पाटी: पाच वर्षांखालील मुलांसोबत पालक आवश्यक. डब्यावर पाटी: मोठ्यांनी बसू नये. मी दोन्ही पाट्या ऑपरेटरला वाचून दाखवल्या. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही गाडीसोबत बाजूने पळा." मी पळालो. सगळ्या फेऱ्या. कार्टं आतून "पप्पा, अजून जोरात!" म्हणत होतं. पलीकडच्या बाजूला, धोतराचा सोगा हातात धरून, आबा पळत होते.

दम घेताना ते माझ्या शेजारी टेकले. दोन वर्षांनी परत आणू, तेव्हा पोरं एकशेवीसची होतील, असं मी म्हणालो. आबांनी खिशातून तिकीट काढलं, मागची बारीक छपाई लांब धरून वाचली आणि तिकीट माझ्या हातात दिलं. ९० ते १२० सेंमी, मुलांचं तिकीट. १२० च्या पुढे, मोठ्यांचं.

"बसाना दिन उना का पोऱ्या मोठा," आबा म्हणाले. "तवय पुरा पैसा. चाल, ते बेडूक चालू व्हयनं का देखू."