दिवाळीला दुसरी टाकू

"आत्ता आठ जीबीची एकच रॅम टाका, दुसरी दिवाळीला बघू." कॉम्प्युटर घेताना हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. मग दिवाळी येते, बोनस येतो, आणि नेमकी ती रॅम बाजारातून गेलेली असते. एका खोक्यातली दोनची जोडी तेव्हाच उचलली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. पण एकदम दोन घेणं म्हणजे उधळपट्टी, असं आपल्या रक्तातच आहे.

हिशोब तसा सोपा. प्रोसेसरपासून रॅमकडे दोन रस्ते जातात, प्रत्येक ६४ बिट रुंद. डीडीआर४-३२०० (डीडीआर४ ही रॅमची पिढी, ३२०० हा तिचा वेग) असेल तर एका रस्त्यावरून सेकंदाला २५.६ जीबी माल जातो, दोन्हींवरून ५१.२. स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, एकच असली की दुसरा रस्ता फीत कापायची वाट बघत पडून राहतो.

आता जुळवाजुळव. जुन्या स्टिकचं लेबल वाचायला चष्मा आणि मोबाईलचा टॉर्च, दोन्ही लागतात. क्षमता, वेग, मग १६-१८-१८-३८ असं लँडलाइनच्या नंबरासारखं काहीतरी (हेच टायमिंग), आणि शेवटी १.३५ व्होल्ट. त्यातला पहिला १६ महत्त्वाचा: मागणी गेल्यापासून माल हातात पडेपर्यंतचे घड्याळाचे ठोके. ३२०० वर १६ ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० वर १८ ठोके म्हणजेही १० नॅनोसेकंदच, त्यामुळे नुसता मोठा आकडा बघून हुरळू नये.

हे सगळं कागदावर लिहून लॅमिंग्टन रोडला जावं, तर काउंटरवरून उत्तर येतं, "साहेब, रॅम ती रॅम. लावा, चालते."

चालते, हीच तर पंचाईत आहे. सर्जा ३२०० चा आणि राजा २४०० चा जुंपला तर गाडी राजाच्या चालीनं जाते, आणि सर्जाचे जादा पैसे पाण्यात. आठाला चार जोडली तर इंटेल प्रोसेसरचे बरेच मदरबोर्ड चार-चारची जोडी लावतात आणि उरलेल्या चारांना एकट्यानं चालायला सोडतात. ब्रँड वेगळा असला तरी बिघडत नाही. क्षमता, वेग, टायमिंग, व्होल्टेज आणि रँक (स्टिकवरच्या चिपांची गटवारी) जुळली की बहुतेक वेळा निभतं. बहुतेक वेळाच. कारण मॉडेल नंबर अक्षरन् अक्षर तोच असूनही आत कधी सॅमसंगची चिप निघते, कधी हायनिक्सची, कधी मायक्रॉनची.

घरी आल्यावर खाचांचा प्रश्न. चार खाचा, स्टिका दोन. शेजारी-शेजारी लावायचा मोह होतो, दिसायलाही नीटनेटकं दिसतं. पण पहिल्या दोन खाचा एकाच रस्त्यावरच्या. कॉम्प्युटर खुशाल १६ जीबी दाखवतो आणि चालतो मात्र सिंगल चॅनेलवर, म्हणजे एकाच रस्त्यानं. प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी, हे बहुतेक बोर्डांचं उत्तर. प्रत्येक रस्त्याच्या तारा त्याच्या शेवटच्या खाचेपर्यंत जातात; ती रिकामी ठेवली तर सिग्नल टोकाला आपटून परततो आणि वेग वाढवला की अडचणी सुरू होतात. तरी बोर्डाचं पुस्तक बघावंच. (सापडलं तर. ते नेहमी वॉरंटी कार्डाच्या पिशवीत असतं, आणि पिशवी माळ्यावर.)

आधी प्लग काढा. जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांवरून पांढरं खोडरबर हलकेच फिरवा आणि भुगा झटका. काप जुळवून दोन्ही टोकांना अंगठ्यानं दाबा. "मोडेल की काय" असं वाटलं की आणखी थोडं दाबा, मग खटका येतो. न बसलेली रॅम हेच काळ्या स्क्रीनचं पहिलं कारण.

विंडोज उघडतं आणि टास्क मॅनेजर वेग दाखवतो २१३३. दुकानदाराला शिव्या घालण्याआधी बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे लेबलवरचा वेग लागू करणारी सोय, चालू करा. ते मुळात बंदच असतं. बेमेळ जोडी ३२०० वर अडली तर हातानं २९३३ ठेवा. चालूच होईना तर पुन्हा प्लग काढून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा; बायोस सगळं विसरतं. मग सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये चॅनेलपुढे 'ड्युअल' किंवा '२ × ६४ बिट' बघा. तिथेच फ्रिक्वेन्सी १६०० च्या आसपास दिसेल आणि पुन्हा काळजात धस्स होईल. फसवणूक नाही. डीडीआर एका ठोक्यात दोनदा माल देते, म्हणून लेबलवर दुप्पट.

रात्री रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ लावून झोपा. फुकटातल्या आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात. एक जरी चूक दिसली तरी वेग खाली आणा किंवा स्टिक परत करा, "एकच तर आहे" म्हणू नका.

सकाळी स्क्रीनवर शून्य चुका असतात. घरचे चहाचा कप घेऊन मागे उभे राहतात आणि विचारतात, "झालं का? मग आता वेगळं काय होणार?" ग्राफिक्स कार्ड नसेल तर गेममध्ये चांगलाच फरक पडतो, हे खरं उत्तर. पण विचारणारे कॉम्प्युटरवर फक्त लाइट बिल भरतात.