तुमचा कोकीळ आवरा

सगळं त्या पंपापासून सुरू झालं. खरं तर तो पंप नव्हताच, आणि तेवढंच सांगायला मी तोंड उघडलं, ही माझी चूक.

फेब्रुवारी संपत आला होता. नाशिकची थंडी पहाटेपुरती हजेरी लावून उन्हं वर आली की निघून जात होती. एके दिवशी अकराच्या सुमाराला सोसायटीच्या मागच्या बाजूने ‘टुक्‌, टुक्‌, टुक्‌’ असा आवाज यायला लागला. एकसारखा, न थकता, मिनिटाला शंभराच्या वर ठोके. बोअरच्या मोटारीचं बेअरिंग गेलं, असं निदान सेक्रेटरींनी केलं. मोटारवाला आला. त्याने मोटार बंद केली, आवाज चालूच. मग त्याने पाइपला कान लावला. त्याचं बघून खजिनदारांनी लावला, त्यांचं बघून ३०२ वाल्यांनी. तीन कर्ती माणसं एका पाइपला कान लावून उभी, आणि आवाज मात्र एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. “लाईन फिरतीये साहेब,” मोटारवाला म्हणाला. लाईन कशी फिरते हे त्याला कुणी विचारलं नाही.

मी गॅलरीतून बघत होतो. राहवलं नाही. वरून ओरडलो, “अहो, तो तांबट आहे!”

खाली शांतता पसरली. मग सेक्रेटरींनी मान वर करून विचारलं, “कुठल्या विंगचे?”

खाली जाऊन समजावून सांगावं लागलं. तांबट म्हणजे पक्षी. चिमणीपेक्षा जेमतेम मोठा, अंगाने हिरवा, कपाळावर कुंकू सांडल्यासारखा लाल टिळा. झाडाच्या शेंड्यावर बसून चोच मिटलेली ठेवतो आणि गळा फुगवून ठोके देतो. मध्येच मान फिरवतो, म्हणून आवाजाची दिशा बदलते. सगळ्यांनी उंबराच्या शेंड्याकडे पाहिलं. दिसला कुणालाच नाही, पण मोटार चालू न करताही आवाज येतोय हे पटलं. मोटारवाल्याने व्हिजिटचे साडेतीनशे घेतले आणि पावतीवर ‘आवाज तपासणी’ असं लिहून दिलं. तळमजल्यावरच्या आजी जुन्या नाशकात वाढलेल्या. त्या म्हणाल्या, “मी सकाळपासनं सांगतेय, भांडी बाजारात तांब्याचे हंडे ठोकायचे ना, अगदी तस्सा आवाज. पण माझं कोण ऐकतंय?” खरोखरच कुणी ऐकलं नव्हतं. माझं ऐकलं. आजी सुटल्या आणि मी अडकलो.

त्या दिवसापासून मी सोसायटीचा पक्षीवाले काका झालो.

माझी पात्रता इथेच सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत ऑफिसातल्या मंडळींबरोबर मी नांदूर मध्यमेश्वरला गेलो होतो. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झालेली ती जागा, परदेशातून आलेले पक्षी, पहाटेचं धुकं, सगळं काही होतं. फक्त दुर्बीण दुसऱ्याची होती, आणि तिच्यातून मी बराच वेळ स्वतःच्या पापण्या पाहिल्या. परत येताना पक्ष्यांचं एक पुस्तक विकत घेतलं. बस्स. एवढ्या भांडवलावर माणूस दोन-चार नावं घेऊ शकतो, ऑफिस चालवू शकत नाही. पण ऑफिस सुरू झालं होतं.

पहिली तक्रार पहाटे साडेचारला आली, तीही फोनवर.

“काका, ती तुमची कोकिळा बंद करा.”

‘तुमची’ हा शब्द मला पहिल्यांदा तिथे टोचला. दुसरी चूक मी लगेच केली. “ती नाही हो, तो. ओरडतो तो नर. काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी ठिपक्याठिपक्यांची असते, ती नुसतं किक्‌किक्‌ करते.”

“मग त्याला सांगा.”

यावर उत्तर नव्हतं. कोकिळाचं कौतुक ज्यांनी केलं ते बहुधा सकाळी आठनंतर उठत असावेत. हा पक्षी एका सुरात ओरडत नाही. पहिली हाक खालच्या पट्टीत, दुसरी जरा वर, तिसरी आणखी वर. सात-आठ हाकांत तो अशा टोकाला जातो की श्वास आपला अडकतो, आणि मग तो एकदम गप्प. आपण अंथरुणात पुढच्या हाकेची वाट बघत पडायचं. ती येते, पण पुन्हा खालच्या पट्टीपासून. त्यात ३०२ चा धाकटा खिडकीत उभा राहून त्याला ‘कुहूऊ’ असं उत्तर द्यायला लागला. कोकिळाला वाटलं, हद्दीत दुसरा नर आला. झालं. गंगेवर (नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी) पहाटेची स्नानं उरकून लोक घरी परततात तरी आमच्याकडे जुगलबंदी चालूच.

३०२ मधूनच पुढचं प्रकरण निघालं. त्यांनी गुढीपाडव्याच्या आधीच नवी गाडी घेतली होती. (मुहूर्ताला शोरूममध्ये गर्दी होते म्हणून आधी घेतली. मुहूर्त चुकवला म्हणूनच हे झालं, असं आजींचं मत.) रोज सकाळी गाडीच्या दोन्ही आरशांखाली पांढरे ओघळ आणि काचेवर बारीक टोचे. कुणीतरी मुद्दाम करतंय, असा संशय त्यांना आला. ४०१ शी पार्किंगवरून वाद जुनाच होता. रीतसर बैठक भरली, सीसीटीव्ही लावला, आणि कमिटीने चाळीस मिनिटं मन लावून एक अंगठ्याएवढा निळाकाळा पक्षी बघितला. तो आरशावर धडका देत होता, मग आरशावर बसून खाली वाकून बघत होता, मग पुन्हा धडका.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“शिंजीर,” मी खालच्या आवाजात म्हणालो. “एरवी फुलांतला मध पितो. विणीचा हंगाम आलाय, त्यामुळे आरशातला नर त्याला प्रतिस्पर्धी वाटतो.”

४०१ वाले एकदम म्हणाले, “बघा, मी नव्हतो.” त्यांच्यावर आरोप कुणी केलाच नव्हता, तो त्या क्षणी झाला.

उपाय मीच सुचवला, तोही पुस्तकातला नव्हे, डोक्यातला: आरशांना मोजे घाला. प्रत्येक घरात जोडीदार हरवलेले मोजे असतातच. आठवडाभरात पार्किंगमधल्या सगळ्या गाड्यांनी आणि निम्म्या स्कूटरींनी मोजे घातले. कुणाचे शाळेचे पांढरे, कुणाचे ऑफिसचे, एका बुलेटला लोकरीचे बाळमोजे. कुरिअरवाल्याने वॉचमनला हळूच विचारलं, “काही दुःखद आहे का?” शेजारच्या सोसायटीत तर नजर लागू नये म्हणून हे करतात अशी बातमी गेली, आणि तिकडच्या दोन गाड्यांवर मोज्याच्या खाली लिंबू-मिरचीही लटकली. या काळात शिंजिराच्या मादीने काय केलं? नवरा मोज्यांशी भांडत असताना तिने एकटीने कोळ्यांची जाळी, काड्या आणि कचरा आणून ३०२ च्याच कपड्यांच्या दोरीवर लोंबतं घरटं विणलं, वर दाराला छोटीशी पडवीही काढली. त्यांच्या वहिनी म्हणाल्या, “यात नवीन काय सांगितलंत?” महिनाभर त्यांचे कपडे आमच्या गॅलरीत वाळत होते, कारण घरटं ‘तुमच्या’ पक्ष्याचं.

मध्ये रंगपंचमीला एक दिवस सुट्टी मिळाली. निम्मी सोसायटी जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा मारायला गेली होती. संध्याकाळी सगळे एकाच रंगाचे होऊन परतले, त्यामुळे कोणाची तक्रार कोणती हे कुणालाच ओळखता आलं नाही.

२० मार्चला चिमणी दिवस आला. हा जागतिक दिवस २०१० पासून पाळला जाऊ लागला तो आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्यामुळे, हे ग्रुपवर मी टाकलं. (लिहायचं नाही असं ठरवूनही. सवय.) लगेच वर्गणी निघाली, लाकडाची सहा घरटी आली, नारळ फुटला. चिमण्यांनी ती सहाही बाहेरून पाहिली आणि मीटरच्या पेटीत संसार मांडला.

करंजाने आपला वाटा उचलला. एप्रिलमध्ये तो फुलला की खाली गुलाबीसर पांढऱ्या फुलांचा असा थर पडतो, जशा कुणी पोतंभर लाह्या ओतल्या. मला तो इतका आवडतो, की मी ऑफिसला जाताना वळसा घालून त्याच्यावरून जातो. झाडणाऱ्या मावशींना तो आवडत नाही, आणि झाडू त्यांच्या हातात असल्यामुळे त्यांच्या मताला वजन आहे. कुणीतरी झाड ‘जरा छाटून’ घेऊ म्हणालं. या बाबतीत महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, असं मी म्हणालो. कायद्याचं नाव काढताच विषय संपला. साडेचारच्या कोकिळासाठी असा एखादा कायदा का नाही, एवढंच एकाने विचारलं.

मग कावळा.

एप्रिलच्या अखेरीस गेटजवळच्या कडुनिंबावर कावळ्याचं घरटं झालं आणि खालून जाणाऱ्या प्रत्येकाची तपासणी सुरू झाली. बाकीच्यांना तो नुसता ओरडून सोडायचा. सेक्रेटरींना मात्र टपली. सेक्रेटरींना टक्कल आहे, त्याचा काही संबंध असेल तर मला ठाऊक नाही. आपल्या नाशकात माणसं रामकुंडावर हात जोडून ताटकळतात, पिंडाला कावळा शिवता शिवत नाही. मग ‘तुमचं सगळं करू, काळजी करू नका’ अशी वचनं द्यावी लागतात. आणि इथे हे जिवंत गृहस्थ दूध आणायला निघाले की पन्नास पावलांत दोनदा. आजी ओट्यावर बसून हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, “इतक्या पटकन शिवतोय, म्हणजे त्यांची काही इच्छा उरलेली दिसत नाही. निवडणूक लावून टाका.”

स्कूटरवर कधी हेल्मेट न घालणारे सेक्रेटरी आता पायी हेल्मेट घालून दुधाला जातात. मला भेटले की काच वर करून म्हणतात, “तुमचा कावळा.” कोकिळा आपली अंडी कावळ्याच्याच घरट्यात घालते, तेव्हा तो राखतोय ते बाळ कदाचित पुढच्या वर्षी साडेचारला ओरडणार आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. माणूस हळूहळू शिकतो.

बाहेरचं निभावलं असतं. पण ऑफिस घरात शिरलं.

आमच्या गॅलरीत प्लास्टिकच्या ड्रममध्ये कढीपत्ता आहे. लावला आमच्या हिने, वाढवला हिने. त्याच्याकडे बघण्यापलीकडे मला अधिकार नाही. एका सकाळी हाक आली, “अहो, तुमच्या पक्ष्यांनी माझ्या कढीपत्त्यावर घाण केलीय!” पानांवर खरोखरच पांढरट-तपकिरी ठिपके होते. हिने ओलं फडकं आणलं, एका ठिपक्याला लावलं, आणि तो ठिपका चालायला लागला.

किंकाळी ३०२ पर्यंत गेली असावी, कारण कोकीळ थांबला.

त्या अळ्या होत्या. कोणी खाऊ नये म्हणून लहानपणी विष्ठेचं सोंग घेऊन बसतात. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, आणि बोट लावलं तर डोक्यामागून लालसर दुभंगी शिंग काढून घाण वास सोडतात. हे शेवटचं मी प्रयोगाने सांगतो. हिने चिमटा आणि साबणाचं पाणी मागवलं. मी घाईघाईत म्हणालो, “थांब! हे नीलवंत असू शकतं. २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे ते. तळहाताएवढं, काळं, निळी झाक असलेलं.” असू शकतं, एवढंच म्हणालो होतो. ही चिमटा हातात घेऊन विचार करत राहिली. राज्याचा प्रश्न होता.

सहा अळ्यांनी तीन आठवड्यांत त्या झाडाचं खराट्यात रूपांतर केलं. पोहे बिनकढीपत्त्याचे झाले, आमटी पोरकी झाली. कोथिंबिरीबरोबर फुकट कढीपत्ता टाकणाऱ्या भाजीवाल्या ताईंनी दुसऱ्याच आठवड्यात विचारलं, “दादा, रोज कढीपत्ता? खानावळ काढली का?” आणि दहा रुपये लावले. पानं संपत आली तेव्हा मी ती विकतची जुडी अळ्यांपुढे ठेवायला निघालो, तर हिने हात धरला. “अहो, त्याच्यावर फवारणी असेल. त्यांना नका देऊ. ती आपण खाऊ.” आणि जिन्यातून खाली जाऊन आजींच्या कुंडीतल्या दोन फांद्या मागून आणल्या.

सहांपैकी एकच अळी शेवटपर्यंत डोळ्यांसमोर राहिली. ती झाड सोडून चालत गॅलरीच्या दाराच्या चौकटीवर गेली, कमरेला रेशमाचा दोरा बांधून मागे रेलली आणि कोष झाली. हुबेहूब खांबावर पट्टा बांधून काम करणारा वायरमन. जागा नेमकी कडीखालची, म्हणून दहा-बारा दिवस दार लावायचं नाही असं फर्मान निघालं. घरातले डास मी मोजले, कोष हिने मोजला.

फुलपाखरू बाहेर आलं तेव्हा मी दूध आणायला गेलो होतो. परतलो तेव्हा चौकट रिकामी होती आणि ग्रुपवर फोटो येऊन पडला होता: ‘आज आमच्या घरी महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत जन्माला आलं.’ खाली अठ्ठावीस हात जोडलेले, अकरा फुलं, ३०२ कडून नवीन गाडीच्या वेळी आलेला तोच हाराचा फोटो.

फोटो अगदी स्पष्ट होता. काळे पंख, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. निळं कुठेही नाही. कॉमन मॉर्मन, कढीपत्त्यावर नेहमी होतं ते. एवढ्यात सेक्रेटरींचा मेसेज आला: ‘पक्षीवाले काका, कन्फर्म करा.’

मी टाइप करायला घेतलं. मागे ओट्यावर फोडणी तडतडली. वळून पाहिलं, तर आमची ही पोह्यांत कढीपत्ता घालत होती. खराट्याला नवी फुटलेली, बोटभर, कोवळी पानं.

‘अभिनंदन!’ एवढंच लिहिलं आणि ताटली पुढे केली.