ब्लेनहाइमचा ऑर्गन राणी ॲनने दिलेला नाही

‘राणी ॲनने ब्लेनहाइम पॅलेसला भेट दिलेला हा पाइप ऑर्गन चर्चिल जन्मले तेव्हा वाजत होता’ असा मेसेज फोटोसकट फिरतोय. फोटो खरा आहे, मजकूर नाही. इंग्लंडमधला हा वाडा उभारायला राणीने मदत केली, हे बरोबर; पण ती १७१४ मध्येच वारली. वाड्याच्या लाँग लायब्ररीतला हा ऑर्गन हेन्री विलिस या ऑर्गन बनवणाऱ्यांचा, वाड्याचे मालक असलेल्या मार्लबरोच्या आठव्या ड्यूकच्या काळातला. ऑर्गनवरच लिहिलेल्या ओळींत सालही आहे : १८९१. आमचे आवाज थांबल्यावर या भिंतींत तू बोलत राहशील, अशा अर्थाच्या त्या ओळी (मेसेजपेक्षा कितीतरी सुंदर!). चर्चिल जन्मले १८७४ मध्ये, म्हणजे ऑर्गनच्या सतरा वर्षं आधी. कृपया मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.